पाव इंचाची गोळी

माझ्या टेबलावर औषधाची एक रिकामी काचेची बाटली आहे. तिच्यात शिशाचे आणि तांब्याचे मिळून अकरा तुकडे आहेत. सगळ्यात मोठा तुरीच्या दाण्याएवढा, बाकीचे मोहरीएवढे. अकराही तुकड्यांचं वजन भरतं ३४ ग्रेन. रायफलीच्या नळीतून बाहेर पडली तेव्हा ती एक अखंड गोळी होती आणि तिचं वजन ८७ ग्रेन होतं. उरलेले ५३ ग्रेन त्या जनावराच्या खांद्यात कुठं विरले ते मला सापडलं नाही.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या उत्तरेकडच्या नॉर्थ पार्क या भागातली. आठ हजार फुटांवरचं उघडं पठार, सगळीकडे करड्या रंगाची सेजब्रशची झुडपं आणि ऑक्टोबरचा वारा. शेजारी उभा होता माझा शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेला, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. रायफल त्याची होती, काडतुसं माझी. समोर १४० यार्डांवर प्रॉन्गहॉर्नचा नर तिरका उभा होता. आपल्याकडच्या काळविटाची आठवण करून देणारं हे जनावर. मी चाप ओढला, नेम बरोबर लागला, जनावर कोसळलं आणि दुसऱ्या क्षणी तीन पायांवर उठून पळालं. पुढचे तीन तास आम्ही रक्ताचे थेंब शोधत चालत होतो. शेवटी एका ओहोळात ते बसलेलं दिसलं आणि दुसऱ्या गोळीनं ते संपलं. ते तीन तास मी विसरलेलो नाही.

संध्याकाळी कातडं सोललं तेव्हा कळलं की पहिली गोळी खांद्याच्या हाडावर आपटून तिथंच फुटली होती. बाहेरून बशीएवढी जखम आणि आत चार बोटांच्या पलीकडे काही नाही. फुप्फुसं शाबूत होती. म्हणजे नेम चुकला नव्हता, गोळीची निवड चुकली होती. मी धातुशास्त्राचा पदवीधर. धातूचा एक तुकडा आपल्या डोळ्यांदेखत नापास झाला याची लाज वाटली. त्या लाजेपोटी जो अभ्यास केला, तो इथं मांडतो आहे.

शिकारीवर लेख म्हटल्यावर काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळांवरून गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रॉन्गहॉर्न काही हजारांवर आले होते. आज ते लाखांत आहेत. बंदुका आणि काडतुसांवर कर बसवून तो पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा पिटमन-रॉबर्टसन कायदा १९३७चा. कुठल्या भागात किती जनावरं मारायची हे सरकार ठरवतं आणि तेवढेच परवाने वाटतं. परवान्याआधी शिक्षणवर्ग पुरा करावा लागतो. ही पद्धत पटो वा न पटो, परवाना हातात असलेल्या माणसावर एक जबाबदारी येते: जनावर झटकन मरलं पाहिजे. पुढचं सगळं त्या एका अटीभोवती फिरतं.

माझे वडील, आप्पा, वरणगावच्या आयुध निर्माणीत होते. भुसावळजवळच्या या कारखान्यात सैन्यासाठी रायफलीची काडतुसं बनतात. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त अशा पितळेच्या वाट्या ओढून ओढून त्याच्या लांब पुंगळ्या कशा होतात, हे मी शाळेत असताना त्यांच्या तोंडून ऐकलं. सुट्टीत मी कोलोरॅडोतली हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जाकीट किती जाडीचं होतं?" मला माहीत नव्हतं. "मग काय डोळे मिटून भरली का गोळी?" ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

आप्पांच्या कारखान्यातली गोळी आणि माझी गोळी यांच्यात एक मूलभूत फरक होता आणि त्या फरकाचं मूळ आपल्याच देशात आहे. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात इंग्रजांनी नाकावरचं शिसं उघडं ठेवलेली गोळी बनवली. अंगात शिरली की ती फुलायची आणि भयानक जखम करायची. १८९९च्या हेग परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असा ठराव झाला. तेव्हापासून सैन्याची गोळी नाकापर्यंत जाकिटात बंद असते. शिकारीत याच्या बरोबर उलट. कोलोरॅडोचा नियम सांगतो की मोठ्या जनावरासाठी गोळी फुलणारीच हवी, कारण न फुलता आरपार गेलेली गोळी बारीक भोक पाडते आणि जनावर तासन्तास तडफडतं. तोच नियम पुढं म्हणतो: कॅलिबर किमान ०.२४ इंच, हरणाला किंवा प्रॉन्गहॉर्नला गोळी किमान ७० ग्रेनची, एल्कला ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पौंड ऊर्जा.

माझी ८७ ग्रेनची गोळी या सगळ्या अटींत बसत होती. ती कायदेशीर होती आणि तरीही चुकीची होती.

आता पाव इंचाकडे येऊ. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे कापलेले असतात. आट्यांच्या उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंत मोजलं तर ०.२५० इंच, म्हणजे बरोबर पाव इंच. खाचेच्या तळापासून तळापर्यंत मोजलं तर ०.२५७. गोळीचा व्यास या दुसऱ्या मापाचा असतो, म्हणजे ती आट्यांत रुतून फिरत जाते. म्हणून एकाच घराण्यातल्या एका काडतुसाचं नाव .२५०, दुसऱ्याचं .२५७ आणि तिसऱ्याचं नुसतं .२५, पण गोळी सगळ्यांची तीच. गंमत अशी की ०.२५७ इंच म्हणजे साडेसहा मिलिमीटर; पण दुकानात "साडेसहा मिलिमीटर" म्हणून जी गोळी मिळते ती ०.२६४ इंचाची असते, कारण युरोपनं नाव ठेवताना उंचवट्यांमधलं माप धरलं. नवख्यानं पेटीवरचं नाव वाचून गोळी निवडायला जाऊ नये, याचं हे पहिलं कारण.

वजनाचं माप ग्रेन. हे आपल्याला परकं नाही. इंग्रजांनी ठरवलेला तोळा १८० ग्रेनचा होता आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. तेव्हा माझी ८७ ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याला किंचित कमी, आणि याच व्यासाची १२० ग्रेनची गोळी दोन तृतीयांश तोळ्याची. सोनाराच्या ताजव्यातला एवढाच काय तो फरक. पण व्यास तोच ठेवून वजन वाढवायचं तर गोळी लांब करावी लागते आणि तिथून सगळी भानगड सुरू होते.

शेजाऱ्याची रायफल सॅव्हेज कंपनीची मॉडेल ९९ होती, .२५०-३००० सॅव्हेज या काडतुसाची. नावातला ३००० हा आकडा वेगाचा आहे: सेकंदाला तीन हजार फूट. चार्ल्स न्यूटन या माणसानं १९१५ साली हे काडतूस सॅव्हेजसाठी तयार केलं. त्याच्या मनात १०० ग्रेनची गोळी सेकंदाला २८०० फूट वेगानं मारायची होती. कंपनीला मात्र तीन हजार हा गोल आकडा हवा होता. तोवर अमेरिकेत कुठलंही दुकानी काडतूस तिथवर पोचलं नव्हतं. मग गोळी हलकी केली, ८७ ग्रेनवर आणली, वेग तीन हजारावर गेला आणि तो आकडा थेट नावात बसवला. जाहिरात झकास जमली. पण हलकी गोळी आखूड असते आणि आखूड गोळीला कमी पीळ पुरतो, म्हणून नळीचा पीळही त्या गोळीच्या मापाचा ठेवला: १४ इंचांत एक फेरा.

पीळ कशासाठी असतो हे भोवरा फिरवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जोरात फिरणारा भोवरा आरीवर ताठ उभा राहतो, मंदावला की डुलतो आणि लवंडतो. गोळीचंही तसंच. लांब, सडपातळ भोवऱ्याला अधिक फिरकी लागते, तशी लांब गोळीला अधिक पीळ लागतो. जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञानं १८७९ साली यासाठी एक सोपं सूत्र दिलं: गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. आपल्या ०.२५७ इंच व्यासाच्या गोळीची लांबी एक इंच धरली तर उत्तर येतं सुमारे दहा इंच. सूत्र थोडं सावध आहे, वेगवान गोळीला यापेक्षा कमी पिळातही निभावतं. पण दिशा बरोबर दाखवतं. दहा इंचांत एक फेरा घेणारी आणि सेकंदाला तीन हजार फूट जाणारी गोळी सेकंदाला ३६०० वेळा फिरते. चौदा इंची पिळात २५७१ वेळा. एवढ्या फरकावर लांब गोळी हवेत सरळ जाणार की कोलांट्या खाणार हे ठरतं.

त्या दुर्घटनेनंतर मी शेजाऱ्याच्या रायफलीतून ११७ ग्रेनच्या टोकदार गोळ्या कागदावर मारून पाहिल्या. शंभर यार्डांवरच्या कागदावर गोल भोकांऐवजी लांबट भोकं पडली. गोळी आडवी होऊन लागत होती. १०० ग्रेनच्या आखूड, सपाट बुडाच्या गोळ्या मात्र नीट बसल्या. त्या १०० ग्रेनच्या गोळ्यांची पेटी शेजाऱ्याकडे आधीपासून होती. त्यानं ती मला देऊही केली होती. पण मी कोष्टकं वाचून आलो होतो, मला वेग हवा होता, आणि ८७ ग्रेनच्या गोळ्या कागदावर फार छान जमत होत्या. आज या वजनाच्या बहुतेक गोळ्या कोल्हे-कायोटी आणि प्रेअरी डॉगसारख्या लहान प्राण्यांसाठी बनतात. त्यांचं जाकीट मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, की लागताक्षणी गोळीचा भुगा व्हावा. पेटीवर तसं लिहिलेलंही होतं, बारीक अक्षरात. मी वाचलं नव्हतं.

या एका नियमानं, पिळाच्या, काडतुसांची नशिबं पालटली आहेत. १९५५ साली अमेरिकेत ०.२४३ इंचाची दोन काडतुसं बाजारात आली, .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन. पहिल्याच्या नळीला दहा इंची पीळ, दुसऱ्याच्या बारा इंची. लोकांना एकच रायफल कायोटीलाही हवी होती आणि हरणालाही. १०० ग्रेनची गोळी पहिल्यात खात्रीनं चालत होती, दुसऱ्याबद्दल शंका होती. .२४४ मागं पडलं ते पडलंच; पुढं कंपनीनं पीळ वाढवून, नाव बदलून तेच काडतूस पुन्हा आणलं, तोवर गाडी निघून गेली होती. या भांडणात जास्त नुकसान पाव इंचाचं झालं, कारण त्याची गिऱ्हाइकं दोघांनी वाटून घेतली.

पाव इंचाच्या घराण्यातली बाकीची मंडळी थोडक्यात सांगतो. .२५-३५ विंचेस्टर हे १८९५चं, संथ आणि सौम्य. त्याच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागं एक बसतात, म्हणून गोळीचं नाक बोथट लागतं; टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलं तर काय होईल ते सांगायला नको. १९३४ साली रेमिंग्टननं नेड रॉबर्ट्सच्या नावाचं .२५७ रॉबर्ट्स आणलं. जर्मन मॉझरच्या सात मिलिमीटर काडतुसाचा गळा आवळून ते बनलं. जुन्या रायफलींची काळजी म्हणून कारखान्यानं त्यात दारू बेताची भरली, तरीही हरणासाठी ते पुरेसं आहे, आणि धक्का इतका कमी की नवख्याचे डोळे मिटत नाहीत. ही गोष्ट कोष्टकात दिसत नाही. धक्क्याला भिणारा माणूस चाप ओढताना दचकतो आणि दचकलेल्या माणसाच्या हातून मोठ्यात मोठी गोळीही पोटात जाते.

.२५-०६ची कथा मला सगळ्यात आवडते. अमेरिकी सैन्याचं .३०-०६ हे काडतूस १९०६चं. त्याचा गळा पाव इंचावर आणायची कल्पना ए. ओ. नीडनर या बंदूकसाजानं १९२०मध्येच अमलात आणली होती. पण मोठी पुंगळी आणि अरुंद नळी असली की दारू सावकाश जळणारी लागते. झटकन जळली तर दाब वाढतो आणि गोळीला वेग मात्र मिळत नाही. अशी दारू तेव्हा बाजारात नव्हती. ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर, वीस मिलिमीटर तोफांसाठी बनवलेल्या आणि युद्ध संपल्यावर पडून राहिलेल्या दारूच्या रूपानं. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडननं ती भंगाराच्या भावात घेतली आणि शिकाऱ्यांना विकली. लोकांच्या घरगुती कार्यशाळांत जगलेलं हे काडतूस रेमिंग्टननं अधिकृतपणे विकायला काढलं ते १९६९ साली. तोफेच्या दारूनं हरणाच्या काडतुसाचा जीव वाचवला म्हणायचा. आणखी वर .२५७ वेदरबी मॅग्नम, १९४४चं. १०० ग्रेनची गोळी सेकंदाला साडेतीन हजार फुटांच्या पुढे नेणारं. वेग डोळे दिपवणारा, पण तेवढी दारू एवढ्याशा भोकातून जळताना नळीच्या घशातलं पोलाद भाजून निघतं, आणि धातुशास्त्राच्या माणसाला ते बघवत नाही.

एवढी नावं घेतली खरी, पण जनावराला काडतुसाचं नाव कळत नाही. त्याला लागते गोळी, आणि तीही त्या क्षणी जो वेग उरला असेल त्या वेगानं. वेग जितका जास्त तितकं गोळीचं अंग मजबूत हवं. साधी गोळी म्हणजे शिशाचा गाभा, त्याला कडकपणासाठी जरासं अँटिमनी आणि वरून पंच्याण्णव टक्के तांबं, पाच टक्के जस्त अशा मिश्रधातूचं जाकीट. ११७ ग्रेनची अशी साधी गोळी रॉबर्ट्समधून हरणावर उत्तम काम करते. तीच वेदरबीतून पन्नास यार्डांवर मारली तर फुटण्याचा धोका आहे. संथ काडतुसातून कणखर गोळी मारली तर उलट पंचाईत, ती फुलतच नाही.

या दुखण्यावर पहिला नामी इलाज जॉन नोस्लर या माणसानं काढला. १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका चिखलानं माखलेल्या मूसवर त्याच्या गोळ्या आत न जाताच फुटल्या. त्यानं घरी येऊन गोळीच्या पोटात तांब्याची एक आडवी भिंत घातली: पुढच्या खोलीत शिसं, मागच्या खोलीत शिसं, मध्ये भिंत. पुढची खोली फुलते, फुटतेही. भिंतीच्या मागचा भाग अखंड राहून आत शिरतो. १९४८ साली त्याची कंपनी सुरू झाली आणि ही 'पार्टिशन' गोळी पाव इंचात आजही १००, ११५ आणि १२० ग्रेनमध्ये बनते. दुसरा इलाज युटा राज्यातल्या रँडी ब्रूक्सचा, १९८९चा: शिसंच काढून टाकायचं, सगळी गोळी तांब्याची करायची आणि नाकात पोकळी ठेवायची. लागल्यावर नाक चार पाकळ्यांत उलगडतं आणि बूड तसंच पुढे जातं.

मी दोन्ही पाहिल्या. रविवारी सकाळी नेमबाजीच्या मैदानावर दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन पाण्यानं भरून एका रांगेत मांडले आणि शंभर यार्डांवरून त्यांच्यात गोळ्या मारल्या. पाणी म्हणजे मांस नव्हे, पण तुलनेला चालतं. माझी बदनाम ८७ ग्रेनची गोळी दुसऱ्या कॅनमध्ये भुगा होऊन संपली. साधी ११७ ग्रेनची तिसऱ्यात सापडली, वजनानं अर्ध्याहून थोडी जास्त उरलेली. १०० ग्रेनची तांब्याची गोळी पाचव्या कॅनच्या तळाशी पडली होती, चाफ्याच्या फुलासारखी उमललेली, आणि काट्यावर ९९ ग्रेन. घरी फोन केला. आप्पा म्हणाले, "हे बघ, हलकी असून आत गेली ना? वजन नाही, उरलेलं वजन बघायचं."

जुनी शहाणीव सांगायची की खोल जायचं तर जड गोळी घ्या. शिशाच्या काळात ते खरंच होतं, कारण वाटेत निम्मं वजन सांडणार हे गृहीत होतं. तांब्यानं हा हिशेब बदलला. तांब्याची १०० ग्रेनची गोळी शिशाच्या १२० ग्रेनचं काम करते आणि हलकी असल्यानं वेगानं जाते. वेग तिला हवाच, कारण सेकंदाला अठराशे ते दोन हजार फुटांखाली तिच्या पाकळ्या नीट उघडत नाहीत. पण इथं पीळ पुन्हा आडवा येतो. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते. दहा इंची पिळात १०० ग्रेनची चालते. शेजाऱ्याच्या चौदा इंची सॅव्हेजमध्ये ती भरण्यात अर्थ नाही. गेल्या काही वर्षांत १३० ग्रेनच्या पुढच्या लांबलचक पाव इंची गोळ्या निघाल्या आहेत, वाऱ्याला दाद न देणाऱ्या. त्यांना साडेसात-आठ इंची पिळाची नवी नळी लागते. म्हणून रायफल जुनी असेल तर आधी पीळ मोजावा. साफसफाईच्या, मुठीत मोकळ्या फिरणाऱ्या गजावर घट्ट चिंधी बसवून तो नळीत ढकलायचा, गजावर खूण करायची आणि खुणेचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत गज किती इंच आत गेला ते पट्टीनं मोजायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

तांब्याकडे मी वळलो त्याला दुसरंही कारण होतं, घरातलं. आमच्या सूनबाईंना दिवस गेले होते आणि फ्रीझर शिकारीच्या मांसानं भरलेला होता. ती डॉक्टरांकडून आली आणि तिनं सरळ विचारलं, "बाबा, यात शिसं असतं का हो?" मी बाटलीकडे पाहिलं. माझे हरवलेले ५३ ग्रेन मला तिथं आठवले.

२००८ साली नॉर्थ डकोटा राज्यात गरजूंना वाटण्यासाठी दान आलेल्या हरणाच्या मांसाची क्ष-किरण तपासणी झाली आणि त्यात शिशाचे कण दिसले. राज्याच्या आरोग्य खात्यानं ते मांस वाटू नका असं सांगितलं. पाठोपाठ सातशेहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं सरासरी ०.३० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर जास्त निघालं. आकडा लहान आहे, आणि कोणाचीही पातळी दहाच्या वर नव्हती. पण गर्भाच्या बाबतीत शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठली सांगता येत नाही. मी फ्रीझर रिकामा केला. शेजाऱ्याला ते पटलं नाही. त्याचे आजोबा-पणजोबा शिशावर जगले होते, असं त्याचं म्हणणं.

माणसापेक्षा जास्त किंमत पक्ष्यांनी मोजली आहे. शिकारी जनावराची आतडी जागेवर टाकून जातात आणि गिधाडं ती खातात. कॅलिफोर्नियाचं काँडोर हे प्रचंड गिधाड १९८२ साली २२ पक्ष्यांवर आलं होतं. पैदास करून ते पुन्हा सोडलं गेलं, पण रानातल्या काँडोरच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण आजही शिसं आहे. कॅलिफोर्नियानं २०१३मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९पासून तिथं शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. आपल्याकडची गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं मेली आणि ते औषध गुरांसाठी २००६ साली बंद झालं. विष वेगळं, पण मेलेल्या जनावरातूनच पोचलेलं. कोलोरॅडोत शिशाला बंदी नाही. तिथं निवड ज्याची त्यानं करायची.

माझी निवड आता ठरलेली आहे. रायफल .२५-०६, पीळ दहा इंची, गोळी १०० ग्रेन तांब्याची. प्रॉन्गहॉर्न आणि म्यूल डिअरसाठी ही पुरते, आणि पुरते म्हणताना मी ते छाती उघडी करून आडवं उभं असल्याचं धरत नाही. खांदा पुढे करून तिरकं उभं असल्याचं धरतो, कारण तेव्हाच माझी फजिती झाली होती. दोनशे यार्डांवर नेम बांधला तर तीनशेवर गोळी साताठ इंच खाली जाते, आणि फुप्फुसांचा भाग बशीएवढाच असतो. म्हणून तीनशेच्या पलीकडे मी चाप ओढत नाही. कायदा ८५ ग्रेनला एल्क मारू देतो. तीनशे किलोंच्या त्या जनावरावर मी पाव इंच वापरणार नाही. माझे ओळखीचे लोक वापरतात आणि त्यांची जनावरं पडतातही. मला त्यात फार वाव उरलेला दिसत नाही.

शेजारी आता शहाऐंशीचा आहे. गुडघ्यांमुळं पठारावर येत नाही. त्यानं सॅव्हेज माझ्याकडे ठेवायला दिली आहे, सोबत १०० ग्रेनच्या शिशाच्या गोळ्यांची ती जुनी पेटी. पेटीत अजून नऊ काडतुसं आहेत. मी ती तेल देऊन ठेवतो, वापरत नाही. पाण्याच्या कॅनमध्ये सापडलेलं तांब्याचं फूल मी बाटलीशेजारी ठेवलं आहे. रानातलं एकही तसं फूल माझ्याकडे नाही. गेल्या बारा वर्षांत मी मारलेल्या सात जनावरांपैकी एकाच्याही अंगात गोळी सापडली नाही, ती पलीकडून निघून गेली. आणि सातांतलं सगळ्यात लांब गेलेलं जनावर मी पावलांनी मोजलं तेव्हा साठ पावलं भरली.